बिनफोनचा डाव

बडनेरा मागे पडलं तेव्हा कुलदीपने जे घोकायला घेतलं, ते मूर्तिजापूर आलं तरी थांबायचं नाव घेत नव्हतं. सूर्यभानमामाची परतवाड्याची जीप, जिच्यात एरवी माणसं कोंबून मामा चिखलदऱ्याच्या फेऱ्या मारतो, ती आज धुऊन-पुसून, काचेवर झेंडूचा हार चढवून अकोल्याकडे निघाली होती. मागे वडील, गजेंद्रराव, इस्त्रीचा सदरा चुरगळू नये म्हणून पाठ न टेकता बसलेले. मामा एका हाताने स्टिअरिंग धरून गुणगुणत होता. आणि ज्याच्या लग्नाची बोलणी करायला ही मंडळी चालली होती, तो आपला गडी खिडकीला डोकं टेकवून ओठांतल्या ओठांत दोन-दोन अक्षरांचे इंग्रजी शब्द घोकत होता. क्यू आय. झेड ए. एक्स यू.

"काय बे, हनुमान चालिसा म्हनून राह्यला का?" मामाने आरशातून विचारलं.

"नाई मामा, असंच."

"अबे, सासऱ्याच्या घरी चालला तू, परीक्षेले नाई."

आता मामाला काय सांगणार? परीक्षेलाच तर चालला होता तो! आणि असल्या परीक्षेला, की जिचा पेपर आजवर त्याने स्वतः एकदाही सोडवला नव्हता.

गोष्ट तशी साधी. नीलम अमरावतीला फार्मसी शिकायला होती तेव्हा दोघांचं जमलं. कुलदीप खत-बियाण्याच्या कंपनीत, दिवसभर वावरा-वावरानं फिरणारा. त्याचं घर कुणब्याचं, तिचं बौद्ध. गजेंद्ररावांनी आधी बोलणंच टाकलं, मग आई पार्वताबाईनं चुलीपुढे बसून असा काही अबोला धरला की म्हातारा आपोआप वळणावर आला. नीलमच्या घरी वेगळंच. तिचे वडील देवमनकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वाचणारे, मोजकं बोलणारे. त्यांनी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. "आपली पोरगी त्या घरी मान वर करून राहीन का, ते मले पाहू दे. पोरगा कसा हाय ते मले समजू दे," एवढंच.

मग नीलमनंच युक्ती काढली. काकांना फोनवरच्या शब्दांच्या खेळाचं वेड. दोघांनी खेळायचं, प्रत्येकाच्या हाती सात इंग्रजी अक्षरं, त्यांतून शब्द जुळवून पटावर लावायचे. क्यू, झेड असली अवघड अक्षरं लावली की जास्त गुण. "बाबा म्हनतात, खेळात मानूस दिसते. तू खेळ त्यांच्यासंगं," नीलम म्हणाली.

खेळला बिचारा. सुरुवातीचे डाव असा काही आपटला की विचारू नका. काकांनी खाली निरोप लिहिला, 'चालते बेटा. हळूहळू येईन.' आता यात काय वाईट होतं? कोणाही शहाण्या माणसाला त्यात माया दिसली असती. याला दिसला नकार. रात्रभर तळमळला. आणि दुसऱ्या दिवशी एका साइटवर पोचला, जिच्यात अक्षरं टाकली की त्या अक्षरांचे होतील तेवढे सगळे इंग्रजी शब्द समोर हजर. क्यू असलेले हवेत? घ्या. झेडनं संपणारे? हेही घ्या. जास्त गुणांचा सगळ्यात वर. कुलदीप वरचा उचलायचा आणि पटावर लावायचा. अर्थ? अर्थ त्यालाही माहीत नसायचा.

काका खुश! खेळाच्या खाली निरोप वाढले. आज गुडघा दुखून राह्यला. तुमच्याकडे बोंडअळी कशी हाय? आईच्या मोतीबिंदूचं काय झालं? कुलदीप मन लावून उत्तरं द्यायचा. वावराच्या धुऱ्यावर उभा राहून, चिखलाच्या हातानं. आपल्या वडिलांशी कधी एवढं बोलला नव्हता तो. हे बोलणं खरं होतं, बरं का. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खेळ तेवढा चोरीचा. कितीदा त्याच्या मनात आलं की आता सांगून टाकावं, पण काका तोवर सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना सांगून बसले होते की असं पोट्टं अख्ख्या वऱ्हाडात नाही.

आणि काल नीलमचा फोन. "बाबानं माळ्यावरून जुना पट काढला. कपड्यानं पुसून ठेवला. म्हनतात, उद्या समोरासमोर बसून एक डाव होऊ दे. लेकरावानी खुश हायेत रे ते."

म्हणून हे घोकणं. शिवाय दुसरा एक बेत त्याच्या डोक्यात होता, तो सांगायची लाज वाटते, पण सांगतो. फोन खिशात ठेवायचा, पोट बिघडलंय म्हणायचं, आणि अक्षरं लक्षात ठेवून संडासात जाऊन साइट उघडायची. वा रे पठ्ठ्या! लग्नाची बोलणी करायला आलेला मुलगा घडीघडी संडासात पळणार आणि बाहेर येऊन भारी-भारी इंग्रजी शब्द लावणार. एवढ्यावर त्याने जन्माचा प्रश्न टांगला होता.

घर जुन्या वस्तीत, बैठं, दारात कढीपत्त्याचं झाड. देवमनकाका फाटकाशी उभे होते, पांढऱ्या शर्टात, एका गुडघ्यावर भार न देता. "जय भीम," ते म्हणाले. गजेंद्ररावांच्या तोंडात राम राम आलं होतं, ते तिथंच अडलं. मग गजेंद्ररावांनी दोन्ही हात जोडले. "जय भीम, भाऊ," म्हणाले, आणि कुलदीपला हायसं वाटलं. आत दुर्गाबाईंनी, नीलमच्या आईनं, पाण्याचे पेले आणले. तिथंही दाराआडून डोळे लागलेले, पाहुणा पाणी घेतो की नाही. गजेंद्ररावांनी पेला उचलला, एका दमात संपवला आणि वर आणखी मागितलं. दुर्गाबाई हसल्या. वडिलांचा एवढा अभिमान कुलदीपला कधी वाटला नव्हता.

सगळं सुरळीत चाललं होतं हो. आलूपोहे झाले, चहा झाला, कापसाच्या भावावर दोन्हीकडच्यांनी सारख्याच शिव्या घातल्या. आणि मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. मुलाकडचा मामा मुलाची तारीफ करायला लागला. आता आपल्याकडच्या मामाला थोडक्यात तारीफ करता येते का?

"आमचं पोट्टं म्हंजे," सूर्यभानमामा मांडीवर थाप मारून म्हणाला, "डिक्शनरी गिळून बसलं हाय जी! तुमी एक अक्षर सांगा, हा धा शब्द सांगते. कलेक्टर येऊ द्या समोर, त्याले पन घाम फोडीन हा!"

कुलदीपला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मामा, जाऊ द्या ना."

"कावून जाऊ द्या? खरं सांगाले लाज कायची?"

देवमनकाकांचा चेहरा उजळला होता. ते उठले, आतून एक गुंडाळलेला पट आणि अक्षरांच्या लाकडी चकत्यांची थैली घेऊन आले. "मी त्याचीच वाट पाहून राह्यलो होतो," म्हणाले. "ये बेटा, बस समोर."

"बाबा, थांबा थोडंसं."

हा ललित. नीलमचा मोठा भाऊ, कॉलेजात पोरांना कम्प्युटर शिकवणारा. तो इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आणि पाहुण्यांशी 'या, बसा' यापलीकडे बोलला नव्हता.

"पट मांडा तुमी," ललित म्हणाला, "पन याचा फोन माह्याजवळ ठेवा."

"कावून?"

"बाबा, मी तुमच्या फोनातले याचे डाव पाह्यले. हा मराठी शाळेत शिकलेला, वावरात फिरनारा मानूस. मेसेज सगळे मराठीत. अन् शब्द असे का ते मले पन आजवर ठाऊक नव्हते. अशा घरच्या पोराले असं इंग्रजी कोठून येईन? साइटी असतात, बाबा. अक्षरं टाकली का शब्द काढून देतात. हा तुमाले फसवून राह्यला."

खिशातला फोन मांडीला चटका देतोय असं कुलदीपला वाटलं. आतल्या दारात नीलम उभी होती आणि तिचा रंग उतरला होता. संपलं, त्याला वाटलं. सगळं संपलं.

मामा ताडकन उठला. "आमाले घरी बलावून बेइज्जती करता? चाला हो भाऊजी! चोर म्हनते आपल्या पोराले!"

"बसा," देवमनकाका म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण मामा बसला. काकांनी पट पुन्हा गुंडाळायला घेतला.

"लल्या," ते म्हणाले, "हे वाक्य मी आदी ऐकलं हाय. अशा घरच्या पोराले असं इंग्रजी कोठून येईन. मास्तर म्हनला होता. नववीत होतो मी, मूर्तिजापूरले."

चौकटीला टेकलेला ललित सरळ उभा राहिला.

"शकुंतला आगगाडीचा एक गार्ड होता. त्याच्याकडं इंग्रजी पेपर यायचे, जुने झाले का तो मले द्यायचा. मी ते पाठ करो. एकडाव वर्गात निबंध लिवला, तर मास्तर म्हने कोनाचा उतरवला सांग. म्या म्हनलं माहा हाय. तर त्यानं मले सगळ्या वर्गासमोर उभं केलं अन् हात जोडून माफी मांगाले लावली. चोरी केली म्हन. मी खरा होतो, तरी हात जोडले." काका थांबले. त्यांनी थैलीची नाडी ओढली, सोडली, पुन्हा ओढली. "मंग मले शाळेच्या घंटीखाली बसवलं अन् म्हने आता लिव पाहू. पोरं खिडकीतून पाहून राह्यली. म्या लिवला, पयल्यापेक्षा चांगला. मास्तरनं वाचला अन् जाय म्हनला. बस, जाय. एवढंच."

दुर्गाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांनाही हे माहीत नव्हतं, दिसतच होतं.

"तवाच मी ठरवलं. माह्या घरी कोन्या पोरावर असा संशय घेनार नाई. अन् संशय घेतलेल्या पोराले परीक्षेले बसवनार तर कदीच नाई. आज पट उघडनार नाई." ते ललितकडे वळले. "माफी मांग त्याची."

"बाबा, मी तुमच्याचसाठी..."

"हात जोडून."

तीस वर्षांचा माणूस. कॉलेजात पोरं ज्याला सर म्हणतात तो. पाहुण्यांसमोर, आईसमोर, बहिणीसमोर तो पुढे आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याने कुलदीपसमोर हात जोडले आणि खाली पाहत म्हणाला, "चुकलं माहं."

आणि कुलदीप काय म्हणाला?

"असू द्या, दादा," म्हणाला.

लोक म्हणतात तोंडून निघून गेलं. तोंडून काही निघून जात नाही हो. त्या घडीला त्याला एवढंच कळलं होतं की आपण वाचलो. आतून नुसता आनंदाचा लोट आला होता. वाचलो, नीलम आपली झाली. त्या आनंदाच्या भरात त्याने ललितचे जोडलेले हात हातात घेऊन खाली केले, अगदी मोठ्या मनाच्या माणसासारखं.

देवमनकाकांनी त्याला जवळ ओढलं. पाठीवर थोपटलं. मग गजेंद्ररावांकडे वळून म्हणाले, "भाऊ, माहा होकार हाय. पोरीच्या मनातलं मले ठाऊकच हाय. तारीख तुमी काढा."

मामानं टाळीच वाजवली. दुर्गाबाई पेढ्यांचा डबा आणायला आत गेल्या. गजेंद्रराव डोळे पुसत होते, त्यांच्या सदऱ्याला आता खुशाल सुरकुत्या पडत होत्या. ज्यासाठी पावसाळ्यापासून कुलदीपचा जीव टांगणीला लागला होता तो होकार मिळाला होता. आता फक्त पेढा खायचा आणि घरी जायचं.

पेढा नीलमनं आणला. ताटली पुढे करताना ती हळूच म्हणाली, "बाबानं हे आमाले कदी नाई सांगतलं. तुह्यासाठी सांगतलं." तिचे डोळे भरून आले होते आणि ती त्याच्याकडे अशा कौतुकानं पाहत होती की कुलदीपला तिच्या डोळ्यांत पाहवेना. त्याने नजर बाहेर ओसरीकडे वळवली. तिथं ललित पाठमोरा उभा होता. एक हात भिंतीला टेकलेला. तो रडत होता की नुसता उभा होता ते कळत नव्हतं, पण त्याची मान फार खाली गेलेली होती.

पेढा कुलदीपच्या तोंडात तसाच राहिला, गिळवेना. काका खोलीच्या कोपऱ्यात स्टूल ओढून पट माळ्यावर ठेवायला निघाले होते, दुखरा गुडघा सांभाळत. खरा माणूस घंटीखाली बसला होता. खरा माणूस आत्ता ओसरीवर उभा होता. आणि आपण मधे बसून पेढा खातोय. हा विचार त्याला सुचला नाही, छातीवर येऊन बसला.

"काका," तो म्हणाला. "पट काढा."

"नाई बेटा. गरज नाई."

"मले खेळायचं हाय."

"कावून बे?" मामा चिरकला. "झालं ना सगळं! पेढा खाय गुपचूप!"

कुलदीपने खिशातला फोन काढला, ओसरीवर गेला आणि ललितच्या हातात दिला. ललितने आधी फोनकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. तोंडानं कबूल करायची कुलदीपची हिंमत नव्हती; पटावर बसलं की आपोआप उघडं पडेल, एवढंच त्याला कळत होतं. तो आत येऊन सतरंजीवर बसला.

काकांना वाटलं पोरगा मानी आहे. बोल लागला तो धुवायचा म्हणतोय. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा तेच तेज आलं. "तू बी माह्यासारखाच निघाला," असं म्हणून त्यांनी पट पसरला.

सात चकत्या कुलदीपने थैलीतून काढल्या आणि समोरच्या लाकडी पट्टीवर मांडल्या. ए, आर, टी, आय, एन, ई, एस. खेळणाऱ्याला याहून बरी अक्षरं देव देत नाही. सगळी सोपी, सगळी एकमेकांत मिसळणारी. कुलदीप त्यांच्याकडे पाहत राहिला. आजवर कोणती अक्षरं कुठं टाकायची ते त्याला पाठ होतं. अक्षरांकडे पाहायचं कसं ते तो कधी शिकलाच नव्हता. घाम डोळ्यांत उतरला. शेवटी त्याने टी, ई, एन उचलून मधोमध लावलं. टेन. दहा. पहिलीतलं पोरगंसुद्धा लावील असा शब्द.

"घाबरला," काका हसून म्हणाले. "होते असं. समोर बसलं का होते." त्यांनी स्वतःचा शब्द लावला, आणि कुलदीपच्या लक्षात आलं की त्यांनी मुद्दाम त्याच्यासाठी जागा मोकळी सोडली आहे. त्याने आणखी तीन चकत्या काढल्या. आता पट्टीवर ए, आर, आय, एस, एन, जी, ई.

वेळ गेला. ललित दारात येऊन उभा होता, फोन तसाच हातात. दुर्गाबाई, नीलम, सगळे त्या पट्टीकडे पाहत होते. "घाई नाई," काका म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "घाई नाई बेटा." पण या खेपेला आवाज वेगळा होता.

कुलदीपने जी, ए, एस उचलले. गॅस. चकत्या पटावर ठेवायला हात पुढे केला तेव्हा काकांनी त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने त्यांनी पट्टी स्वतःकडे वळवली, कुलदीपच्या बोटांतल्या तिन्ही चकत्या काढून घेतल्या आणि सातही अक्षरं एका ओळीत सरकवली. शब्द झाला. मग त्याच अक्षरांचा दुसरा केला. मग तिसरा.

"हे तुले दिसलं नाई?"

"नाई, काका."

"एकबी?"

"नाई."

"मंग परवा... ते सात अक्षरांचं तू..."

"तो मी नव्हतो, काका." आता बांध फुटलाच. "ललितदादा बरोबर बोलले. साइटवर अक्षरं टाकत होतो मी. सुरुवातीचे डाव हारलो ना, तवापासून. सगळे शब्द तिथले. मले वाटलं तुमी नाई म्हनसान."

मामाने कपाळावर हात मारून घेतला. गजेंद्ररावांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. देवमनकाका चकत्यांवरून बोट फिरवत राहिले, जणू त्यांना अजून कुठला शब्द दिसतोय का ते पाहत होते.

"मंग मी बोलत कोनासंगं होतो?" त्यांनी विचारलं. "रोज संध्याकाळी?"

"माह्याचसंगं, काका. गुडघ्याचं विचारनारा मीच होतो. ते सगळं खरं हाय. आईशपथ खरं हाय."

काकांनी मान हलवली. विश्वास ठेवला त्यांनी, ते दिसलं, आणि कुलदीपला वेड्यासारखी आशा वाटली. सांगितलं आपण, मोकळे झालो, आता काका रागावतील, दोन थोबाडीत देतील आणि मग हळूहळू हसतील, म्हणतील चालते बेटा. थोबाडीत तर खायला तो आनंदाने तयार होता.

काका जमिनीवर हात टेकून उठले. गुडघा कडकन वाजला. ते दाराकडे गेले, ललितसमोर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"बाबा!" ललितने त्यांचे हात धरले. "काय करून राह्यले तुमी? नका ना, बाबा!"

"तू खरा होता," देवमनकाका म्हणाले. त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला होता. "तू खरा होता अन् म्या तुले हात जोडाले लावले. सगळ्यासमोर. म्या. मी कसा काय असं केलं रे?"

बाप-लेक एकमेकांना धरून उभे राहिले. म्हातारा ललितच्या खांद्यावर कपाळ टेकून रडला, लहान पोरासारखा, आवाज काढून. कुलदीप उठून त्यांच्याकडे जायला निघाला आणि अर्ध्यात थांबला. त्याला तिथं जागा नव्हती.

डोळे पुसून काका वळले. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. असता तर बरं झालं असतं.

"मी देल्लेला होकार वापस घेतो," ते म्हणाले. "खेळासाठी नाई. खेळाचं काय हाय? तू हारत राह्यला असता तरी म्या पोरगी देल्ली असती. साइट पाह्यली, तेबी गेलं उडत, पोरं करतात असं. पन हा तुह्यासमोर हात जोडून उभा होता. तुले ठाऊक होतं का तो खरा हाय. अन् तू त्याले म्हनला, असू द्या."

"काका, म्हनून तर मी आता..."

"पेढा खाऊन सांगतलं, बेटा."

कुलदीपच्या तोंडात अजून ती गोडी होती.

गजेंद्रराव उठले. देवमनकाकांसमोर उभे राहिले, मग हात जोडून बाहेर गेले. मामाही त्यांच्यामागे गेला. फाटकाबाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

कुलदीप चपला घालायला ओसरीवर आला. त्याला अजून वाटत होतं की एक माणूस राहिलंय. नीलम मोठी होती, कमावती होती, बापाचा होकार नसला तरी तिचा स्वतःचा होता, आणि तिच्यासाठीच तर त्याने हे सगळं केलं होतं. ती बाहेर आली. ललितकडून घेतलेला त्याचा फोन तिच्या हातात होता.

"नीलम, तू तरी समज," तो म्हणाला. "तुह्यासाठीच केलं ना म्या."

"मले पयल्याच दिवशी सांगतलं असतं ना तू, तर मी हासली असती," ती म्हणाली. "बाबाले सांगतलं असतं तर तेबी हासले असते. शिकवलं असतं त्यायनं तुले."

तिने फोन त्याच्या हातात ठेवला. आत काका खाली बसून चकत्या गोळा करत होते, ललित त्यांना एकेक वेचून देत होता.

"जाय तू," नीलम म्हणाली. "मी बाबाजवळ बसते." आणि ती आत गेली.